समुद्रात शीड झालेली ताडपत्री

मित्रांनो, वय झालं म्हणून माझी कीव करू नका. जाड सुती कापडाची, मेण चढवलेली हिरवी ताडपत्री आहे मी. वरोऱ्याच्या बाजारात माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. कोणी कापसाच्या गाडीवर ताणलेली, कोणी धानाच्या पोत्यांवर. त्या सगळ्यांनी पाऊस पाहिला. मी समुद्र पाहिला, आणि त्याच्याशी दोन हातही केले.

माझा जन्म वरोऱ्यातल्या एका छोट्या दुकानात झाला. कय्यूम आणि शमीम हे नवराबायको तिथं ताडपत्र्या आणि जीपची सीटकव्हरं शिवत. कय्यूमनं मला बेतलं, शमीमनं मशीनवर दुहेरी टिपा घातल्या, आणि दोघांनी मिळून माझ्या कडांना पितळी कड्या ठोकल्या. मला विकलं मात्र नाही. मोडीत निघालेली एक जीप कय्यूमनं हौसेनं दुरुस्त करून घेतली होती. तिला टप नव्हता. मी तिचं छप्पर झाले.

त्या घरात एक दुखणं होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. कय्यूमची आई लवकर गेल्यामुळे त्याला त्याच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, वाढवलं होतं. फुफी वाईट बाई नव्हती, पण तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली की ती निघत नसे. एका दुपारी ती दुकानात आली आणि शमीमच्या देखत म्हणाली, "कय्यूम, एक पोरगी पाहून ठेवली मी. दुसरा निकाह कर. ईदपर्यंत जवाब दे मले."

शमीमचं मशीन थांबलं नाही. पण टीप वाकडी गेली.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "मी सिरोंच्याले जातो माहेरी. तुमी तुमचं पाहून घ्या."

कात्री पुसता पुसता कय्यूम म्हणाला, "सिरोंच्याच काऊन? अजून पुढं जाऊ. तूच म्हणत होती ना, लहानपणी घाटावर बसून विचार करे, का एवढी गोदावरी जाते तरी कुठी? आपण जाऊन पाहू."

"अन् मग?"

"मग पाहू."

हे उत्तर मला आवडलं नव्हतं. शमीमलाही नसावं. पण ती निघाली. गल्लीतले लोक हसले. दर्ग्याला नाही, लग्नाला नाही, नुसता समुद्र पाहायला कोणी एवढ्या लांब जातं का? शमीमनं दाभण, सुतळी आणि डबा जीपमध्ये ठेवला आणि हसणाऱ्यांकडे वळूनही पाहिलं नाही.

ते साल होतं १९९४, थंडीचे दिवस. आम्ही चंद्रपूर, राजुरा मागं टाकलं आणि आंध्रात शिरलो. कय्यूमला तेलुगू येत नव्हतं. आंध्राच्या सीमेवरच्या सिरोंच्यात वाढलेली शमीम मात्र तेलुगूत रस्ता विचारी, भाव करी, भांडणसुद्धा करी. वरोऱ्यात खाली मान घालून शिवणारी ही बाई इथं पुढच्या सीटवर ताठ बसून नवऱ्याला वाट सांगत होती. राजमहेंद्रीला तिला तिची गोदावरी पुन्हा भेटली, इतकी रुंद की पलीकडची माणसं दिसेनात. तिथून नारळाच्या बागा लागल्या. मिठागरं आली, दोरीवर वाळत घातलेली मासळी आली, आणि एका वळणावर समोरची जमीनच संपली.

कय्यूमनं जीप थांबवली. खारा वारा माझ्या पोटात शिरला आणि माझ्या कड्या खणखणल्या.

काही दिवस आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरलो. एका मच्छीमार गावासमोर, पाण्यात दूरवर वाळूचं एक बेट दिसत होतं. शमीमला तिथं जायचं होतं. अप्पलस्वामी नावाचा एक म्हातारा कोळी आपल्या शिडाच्या नावेतून न्यायला तयार झाला. बेटावर सावली नाही असं तो म्हणाला, म्हणून मला जीपवरून उतरवून घडी करून नावेत ठेवलं.

शीड उघडताना म्हातारा ओरडू लागला, "गाली! गाली!"

कय्यूम चिडला. "हा आपल्याले गाली काऊन देऊन राह्यला? आपण काय केलं याचं?"

शमीम खूप दिवसांनी हसली. "तेलुगूत गाली म्हणजे वारा. वारा चांगला आहे म्हणते तो."

बेटावर खेकड्यांशिवाय कोणी नव्हतं. चार काठ्यांवर मला ताणून दोघं खाली बसले. शमीमनं ओंजळीत शिंपले गोळा केले होते. ते मांडता मांडता तिनं विचारलं, "फुफीले काय सांगणार तुमी?"

कय्यूम वाळूत रेघा ओढत राहिला. मित्रांनो, मला त्याचा फार राग आला. सावली धरण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं, म्हणून अजूनच राग आला.

शमीमनं शिंपले तिथंच वाळूत सोडले आणि ती उठली.

परत निघालो तेव्हा ओहोटी लागली होती. किनाऱ्याकडचं पाणी खोल समुद्राकडे ओढ घेत होतं. वारा आता किनाऱ्याच्या दिशेनं वाहत होता, त्यामुळे अप्पलस्वामीला काळजी नव्हती. पण अर्ध्या वाटेत वाऱ्याचा एक जोराचा झोत आला आणि ठिगळांनी भरलेलं ते जुनं शीड वरपासून खालपर्यंत फाटलं. त्याच्या चिंध्या काठीवर फडफडू लागल्या. म्हाताऱ्यानं वल्हं घेतलं, कय्यूमनं दुसरं घेतलं. दोघांनी जीव खाऊन मारलं, तरी नाव मागंमागंच जात होती. किनाऱ्यावरची झाडं लहान होत चालली. कय्यूमला पोहता येत नव्हतं. त्याच्या हातातलं वल्हं थांबलं आणि तो पाण्याकडे पाहत बसला.

शमीमनं मला ओढून उलगडलं. ती म्हाताऱ्याला काहीतरी म्हणाली. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

"काय म्हणते?" कय्यूमनं विचारलं.

"ताडपत्री जड आहे म्हणते. पुरी चढवली तर डोलकाठी मोडन. मी तिरपी कापून अर्धीच चढवतो."

"शमीम, चांगली ताडपत्री आहे ती."

"ताडपत्री राहीन, अन् आपण नाई राहणार. काठी धरा."

तिनं मासळीची सुरी माझ्या कोपऱ्यात घातली आणि तिरपी ओढत नेली. स्वतःच्या हातानं घातलेली शिवण तिनं स्वतःच्या हातानं कापली. दुखलं का, असं ही गोष्ट ऐकणारी मुलं मला विचारतात. दुखलं. पण मनात मी म्हणत होते, काप, लवकर काप. नुसती घडी होऊन पडण्यापेक्षा हे बरं.

माझा अर्धा भाग नावेच्या तळाशी ओला होत पडला. दुसऱ्या अर्ध्याच्या पितळी कड्यांमधून शमीमनं सुतळी ओवली आणि मला आडव्या काठीला घट्ट आवळलं. तिनं आणि कय्यूमनं मिळून काठी वर ओढली. वारा माझ्यात भरला. डोलकाठी करकरली. मी आयुष्यभर वाऱ्याला अडवत आले होते. आता त्याला अंगात घेऊन ओढायचं होतं. माझी एक कडी उपटून निघाली, दुसरी वाकली. बाकीच्या टिकल्या. शिडाचा दोर शमीम आणि कय्यूम दोघांनी धरला होता. सुकाणूवरून म्हातारा ओरडे, शमीम त्याचं मराठीत सांगे, "ढील द्या," "आता ओढा," आणि कय्यूम ती सांगेल तसं करत होता. नाव आधी नुसती एका जागी धडपडली. मग हळूहळू झाडं मोठी होऊ लागली.

आम्ही त्या गावापासून बऱ्याच लांब एका भलत्याच किनाऱ्याला लागलो. म्हाताऱ्यानं आधी वाळूला हात लावला, मग मला लावला.

कय्यूमचे तळवे सोलवटले होते. तो शमीमजवळ येऊन म्हणाला, "फुफीले काय सांगाचं, ते ठरलं माह्यं."

"मले नका सांगू," शमीम म्हणाली. "तिले सांगा. माह्यासमोर."

आम्ही वरोऱ्याला परतलो. फुफी आली, समुद्राबद्दल काही न विचारता म्हणाली, "मग? पोरीवाल्यायले काय सांगू?"

"सांग का माह्यं लग्न झालेलं आहे," कय्यूम म्हणाला. "अन् फुफी, या घरात हा विषय पुन्हा काढू नको."

फुफी रागानं उठली. बरेच महिने दुकानाची पायरी चढली नाही. कय्यूम दर जुम्म्याला तिच्याकडे जाऊन भेटून येई, पण शब्द मागं घेतला नाही. शेवटी एकदा ती आपणहून आली, शमीमच्या मशीनजवळ बसली आणि म्हणाली, "उसवलं आहे वं हे. शिवून दे." तिचा बटवा होता. शमीमनं शिवून दिला. यापेक्षा जास्त काही झालं नाही, आणि त्या दोघींना तेवढं पुरलं.

माझे दोन तुकडे शमीमनं जोडले. मधोमध तिरपी, जाड शिवण आली. आता मी जीपला पुरत नव्हते, म्हणून दुकानात विक्रीला आले. धानोऱ्याकडे तेंदूपत्त्याचं, म्हणजे विडीच्या पानांचं, काम करणारे गुणवंतराव ताडपत्री घ्यायला आले, तेव्हा मला पाहून म्हणाले, "बाई, जोडलेला माल नको. पाणी गळन."

शमीमनं मला अंगणात चार खुंट्यांना बांधलं आणि शिवणीवर बादल्या ओतल्या. मग म्हणाली, "भाऊ, खाली बसा." गुणवंतराव खरंच खाली जाऊन बसले. त्यांचं धोतर कोरडं राहिलं. ते मला घेऊन गेले.

पुढची कितीतरी वर्षं मी धानोऱ्याच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या पोत्यांवर काढली. नंतर प्लास्टिक आलं, हलकं आणि झगमगीत. मला गोदामाच्या कोपऱ्यात टाकलं, उंदरांनी कडा कुरतडल्या. एका उन्हाळ्यात वादळ आलं. प्लास्टिक झाडांवर जाऊन लटकलं, पानं भिजू लागली, आणि गडीमाणसं मला शोधत धावत आली. वादळ संपेपर्यंत मी पोत्यांवरून हलले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मी तसं सांगणार नाही. मला कपाटात घडी घालून ठेवू नका, माझ्यावर फूल वाहू नका. उसवलं तर शिवा, कडी निघाली तर नवी ठोका, आणि कामाला लावा. आणि माणसांचंही तसंच करा. कोणाला एका उणिवेवरून बाजूला सारायला निघालात, तर आधी त्याच्यासोबत एकदा लांब जाऊन या. मोडतो तो की टिकतो, हे घरी बसून कळत नाही.

आता मी धानोऱ्याच्या एका चहाटपरीवर छप्पर म्हणून ताणलेली आहे. खाली या, बसा. ऊन असो की पाऊस, माझ्यातून तुमच्यापर्यंत काही येणार नाही.