चौघांचं पाणी

मी पाण्याचा जुना टँकर आहे, मित्रांनो, आणि आज मी गोड बोलणार नाही.

दक्षिणेतल्या कारखान्यात घडलो आणि जहाजातून या उत्तर टोकाच्या इनुइट वस्तीत उतरलो. इथली जमीन बारमाही गोठलेली, नळ पुरता येत नाहीत. एकोणीस वर्षं मी घरोघरच्या टाक्या भरल्या. मला अकुमालिक चालवायचा. कोणत्या घरात किती माणसं, हे त्याला टाकी किती लवकर रिकामी होते त्यावरून कळायचं.

मग जनगणना आली. घरोघर फिरली ती त्याचीच भाची, उलूशी. शहर कशाला म्हणायचं, हे दक्षिणेतल्या कचेरीने ठरवलेलं: एका जागी हजार माणसं. आमची भरली नऊशे एक्याण्णव. गावाला एक टँकर पुरे, असं वरून कळवलं. दुसरा मिळणार नव्हता.

अकुमालिक भडकला. एक्केचाळीस नंबरच्या घरात अकरा माणसं होती, पण पनिकपाक म्हातारीने चारच सांगितली होती. सरकारी घराच्या भाडेकरारात नावंच चार. बाकीच्यांना घराबाहेर काढतील, ही तिला धास्ती.

पुढच्या फेरीला त्याने तिची टाकी अर्ध्यावरच सोडली.

"एवढंच?" म्हातारी दारातून ओरडली.

"चौघांना पुष्कळ झालं."

"अरे, नातवंडं काय पितील?"

"कुठली नातवंडं, मावशी? कागदावर तर दिसत नाहीत!"

तीन फेऱ्या हेच चाललं. चौथ्या फेरीला उलूशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामा, टाकी भर."

"तू मध्ये पडू नकोस. हिने गाव बुडवलं."

"हिने एकटीने? तुझ्या घरात सात जण सीलचा रस्सा ओरपत होते. तुझ्याही करारात नावं तीनच, तू डोळे वटारलेस, म्हणून मी तीन लिहिले. लपवलेले तिचे सात, तुझे चार. कर बेरीज!"

अकुमालिकने हातातला पाना माझ्या पत्र्यावर हाणला. मग टाकी काठोकाठ भरली. म्हातारी बर्फात थुंकली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दोन घरांचं बोलणं आजही बंद आहे.

पुढच्याच हिवाळ्यात माझा पंप फुटला. सहा दिवस वस्तीने बर्फ वितळवून पाणी प्यायलं, आणि जाता येता मला लाथा घातल्या. पंपाला तेल मात्र कुणी कधी घातलं नव्हतं. मग माझ्या जागी नवा टँकर आला, आणि आता मी गॅरेजमागे गंजतो आहे.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, हे तर खरंच. पण जिथे आजीला स्वतःची नातवंडं लपवावी लागतात, तिथे नियम करणाऱ्यांना जाब विचारा. शेजाऱ्याचं पाणी तोडू नका.