शेंदराखालची तारीख

शिरूर कासारच्या बाजारपेठेत त्या आठवड्यात संगणकांना फार मान मिळाला. खतवाल्याचा, मेडिकलवाल्याचा, रक्त तपासणाऱ्या लॅबचा, असे सगळे संगणक धुळीतून निघाले, पुसले गेले आणि गळ्यात झेंडूचे हार घालून बसले. कारण शहादेव महाराज आले होते. महाराज माणसांचे ग्रह बघत नसत. ते संगणकाची कुंडली मांडत.

बबिताच्या ऑनलाइन सेवा केंद्रात त्यांना तिचा नवरा परमेश्वर घेऊन आला. बबिताला आधी विचारायची त्याला गरज वाटली नाही. केंद्र तिच्या नावावर होतं आणि सगळं काम तीच करायची, एवढीच काय ती अडचण. मागोमाग अर्धी बाजारपेठ आत घुसली.

"बिल हाय का, माय?" महाराजांनी विचारलं.

"कशाचं?"

"यंत्र घेतल्याचं. माणसाला जन्माचा दाखला, यंत्राला बिल. जन्मतारखेबिगर कुंडली व्हईल का?"

परमेश्वरने बिल काढून दिलं. महाराजांनी ते कपाळाला लावलं. "शनी ह्याच्या मेंदूत बसलाय. समद्यांनी डोळे मिटा. तेज सोसायचं न्हाई."

सगळ्यांनी डोळे मिटले. परमेश्वरने वरून रुमालही बांधला. मंत्र सुरू झाला आणि मंत्राच्या मधेमधे कीबोर्डची टकटक ऐकू येऊ लागली. उगीच वाईटपणा कशाला, म्हणून बबितानेही डोळे मिटले. ते तिला पुढे फार लागलं.

डोळे उघडले तर चमत्कार! 'अँटिव्हायरसची मुदत संपली' अशी लाल पाटी वर्षभर दर दहा मिनिटांनी पडद्यावर यायची, ती नाहीशी झाली होती. जयजयकार झाला. महाराजांनी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर शेंदूर फासला.

"हे यंत्राचं कपाळ. सव्वा महिना पुसायचं न्हाई."

कपाळ खाली कसं, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाची वेबसाइट उघडेना. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं मागे राहून शिकावीत म्हणून ते वसतिगृह होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत अर्ज घेणार होते. अर्ज गेला तर लेकरू शाळेत, नाही तर आईबापाबरोबर उसाच्या फडात. कागद स्कॅन करून जोडायचे, त्यामुळे मोबाइलवर ते काम होत नसे. दर वेळी पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येत आणि बबिता त्या न वाचता बंद करी. इंग्रजी ओळी दिसल्या की बंद करायच्या, ही सगळ्या बाजारपेठेचीच रीत होती.

"साइट बंद हाय, उद्या या," ती सांगायची. ज्यांची फडावर जाणारी गाडी त्याच दिवशी निघणार होती, त्यांना उद्या नव्हता. तीन घरं कागद तिच्याकडे ठेवून गेली.

शुक्रवारी चार वाजता चंद्रभागाबाई आल्या. बरोबर सातवीतली संस्कृती. दुकानात महाराजांचं दुसरं आवर्तन चाललं होतं. त्यांच्या मते वेबसाइटला दृष्ट लागली होती.

"ताई, आज कसंबी कर गं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मुकादमाची गाडी सकाळी हाय. पोरगी लई हुशार हाय. तिच्या हातात कोयता दिला तर जीव जाईल माझा."

बबिताने साइट उघडली. चार ओळी आल्या. तिचं बोट सवयीने बंद करायला गेलं.

"थांबा ताई," संस्कृती म्हणाली. "क्लॉक म्हंजे घड्याळ ना? बिहाइंड म्हंजे मागं. तुमचं घड्याळ मागं हाय म्हणतंय ते."

"यंत्राचं बोलणं लेकरांनी वाचू नये," महाराज घाईने म्हणाले. "पाप लागतं."

बबिताने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बरोबर होतं. मग संगणकाचं घड्याळ? ते असतं खालच्या उजव्या कोपऱ्यात. तिने पदराचं टोक हातात घेतलं.

"अगं, कावून हात लावतीस? सव्वा महिना..." परमेश्वर ओरडला.

तिने शेंदूर पुसला. खाली तारीख होती दोन वर्षांपूर्वीची, पोळ्यानंतर चार दिवसांची.

"पोळ्याला घेतला होता आपण हा," बबिता म्हणाली. "बिलावरची तारीख, अन् वर हे चार दिवस! डोळे मिटायला लावून ह्यांनी तारीख मागं नेली. आता अँटिव्हायरसला वाटतंय, मला नुकतंच विकत आणलंय, म्हणून तो गप्प. अन् वेबसाइट आपलं ओळखपत्र दाखवते, त्याच्यावर यंदाची तारीख. संगणक म्हणतो, हे तर अजून निघालंच न्हाई, आत कसं घेऊ? महाराज, वेळ आपोआप जुळायचं बटणबी तुमीच बंद केलं ना?"

"तो ग्रहशांतीचा भाग हाय," महाराज म्हणाले.

तिने तारीख नीट केली, ते बटण चालू केलं. लाल पाटी हजर झाली आणि साइटही उघडली. गर्दीतला मेडिकलवाला पांढराफटक पडला.

"म्हंजे चार दिवस माझा संगणक मुदत संपलेल्या गोळ्या ताज्या समजून बिल करू लागलाय?" म्हणत तो पळाला. लॅबवाला रिपोर्टांवरच्या तारखा बघायला त्याच्यामागे पळाला. महाराज कधी गेले, ते नेमकं कुणी पाहिलं नाही.

साडेचारला संस्कृतीचा अर्ज गेला. चंद्रभागाबाईंनी पावती दोनदा घडी घालून पोलक्यात ठेवली. मग बबिताने मागे राहिलेले तीन घरांचे कागद काढले. अर्जासाठी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपीचा आकडा विचारायला फोन लावले. दोघांनी उचलले; त्यांच्या लेकरांचे अर्ज गेले. तिसरं लेकरू लखन; त्याच्या बापाचा फोन बंद होता. ती सहा वाजेपर्यंत लावत राहिली. सहाला साइट बंद झाली.

"आता लखनचं?" परमेश्वरने विचारलं.

"त्याचं काय व्हणार? गेला उसाला." तिने लखनचे कागद बाजूला ठेवले. "शनी न्हाई, दृष्ट न्हाई. मशीन चार दिवस खरं सांगत होतं, मीच वाचलं न्हाई. कुणी आतलं कायबी बदलू लागला तर डोळे उघडे ठेवा. काय बदलतोस, कावून बदलतोस, आधी काय होतं, हे विचारा अन् लिहून ठेवा. सांगत नसला तर हात लावू देऊ नका, मग तो महाराज असो न्हाईतर घरचा माणूस."

झाला प्रकार आपणच सांगावा, म्हणून परमेश्वर उठला. त्याने लखनच्या बापाचा नंबर आपल्या मोबाइलवर घेतला आणि तो लावत बसला.