अकरा शून्यं

मॅडमचा आवाज खणखणीत होता. पडद्यावर पीएचडीची एकवीस मुलं, त्यातल्या एकोणीस जणांचे कॅमेरे बंद. त्यातली जागी किती, हे संख्याशास्त्रालाही सांगता आलं नसतं.

भिंतीपलीकडे मॅडमचे वडील पडून होते. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तक्ता दिला होता. रोज सकाळी विचारायचं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती, आणि तो आकडा लिहायचा. गोळ्या त्यावरच ठरणार होत्या. पहिले तीन दिवस तिने इमानेइतबारे विचारलं: सात, सात, सहा. मग तास सुरू झाले. म्हातारा हूं की चूं करत नव्हता, म्हणून सकाळच्या घाईत तीच शून्य लिहून मोकळी व्हायची. तक्त्याचा फोटो दवाखान्यात गेला आणि मोठी गोळी बंद झाली. तिला बरंच वाटलं.

आज त्या मुलांतलीच एक नर्स आपली आकडेवारी दाखवत होती. म्हातारी माणसं आठवड्यात किती वेळा घराबाहेर पडतात, हा तिचा विषय.

"सिस्टर, एवढी शून्यं? तीस जण घराबाहेर पडलेच नाहीत?"

"तसं नाही मॅडम. त्यांना विचारायचं राहून गेलं. रकाना रिकामा दिसायला नको, म्हणून शून्य टाकलं."

मॅडम उखडल्या. "अहो, शून्य हे उत्तर असतं! न विचारता तुम्ही माणसांच्या तोंडी उत्तर घातलंत. रिकामं ते रिकामंच ठेवायचं."

"चुकलं मॅडम," नर्स पडलेल्या आवाजात म्हणाली. "ते काही बोलले नाहीत, मला वाटलं काही नसेल."

मॅडमना तोंडात मारल्यासारखं झालं. तशाच उठल्या आणि पलीकडच्या खोलीत गेल्या.

वडिलांनी चादरीचं टोक दातांत गच्च धरलं होतं. तिला पाहून त्यांनी ते घाईने काढलं. "संपला तास?"

"बाबा, किती दुखतंय?"

"नऊ." आकडा जणू तयारच होता.

"मग मला हाक का नाही मारलीत?"

"तुझा आवाज मुलांना जातो ना गं. माझाही गेला असता."

लाजेने तिला त्यांच्याकडे बघवेना. तिने तक्ता घेतला आणि अकरा शून्यं एकेक करून खोडली. त्या जागी काय लिहायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काहीच लिहायचं नाही. आजच्या चौकटीत तिने नऊ लिहिला आणि दवाखान्याला फोन लावला.

लॅपटॉपमधून मुलं अजून विचारत होती, "मॅडम, आमचा आवाज येतोय का?"