कार्मेनमातेच्या चौकटीने पुसलेली मी

मी फोटोच्या पोटातली जन्मनोंद बोलतेय. फोटो कुठे, कधी, कोणत्या फोनवर काढला, पुढे त्यात काय बदललं, हे सारं माझ्यात असतं. वर माझी मोहर. फोटोला कोणी चोरून हात लावला की ती मोडते. एवढं असून मला विचारतो कोण?

माझा जन्म माग्दालेना नदीवरचा, नेरेइदाच्या होडीतला. तिने जाळं ओढलं तर सगळे बोकाचिको मासे काळ्या तेलात माखून मेलेले! तिने तिथेच फोटो काढला. तेलकंपनीची नळी फुटली होती आणि कंपनी म्हणत होती, काही झालंच नाही. नदी साफ झाल्याशिवाय गावाच्या चुली पेटणार नव्हत्या.

नेरेइदाने फोटो जावेला, एदिल्माला, पाठवला. आता या गावात नावाड्यांची राखण करणाऱ्या कार्मेनमातेची चौकट लावल्याशिवाय कुठलाच फोटो गावाच्या ग्रुपवर जात नाही. एदिल्माने फोनवरच्या एका अॅपने चौकट लावली, वर गुलाब चिकटवले. ते अॅपही असलं दळभद्री, की त्याने नवाच फोटो बनवला आणि मला टाकून दिलं. गावाने कंपनीविरुद्ध तक्रार केली आणि सरकारी अधिकारीणबाईंपुढच्या सुनावणीत तोच फोटो दिला.

कंपनीचे साहेब तो बघून हसले. “काय बाई, हे गुलाबपण नदीतच उगवले का? फोटो दुसऱ्या कुठल्या तरी देशातला आहे. जुना!”

त्यांची माणसंही खो खो हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

“घात केलास गं, एदिल्मा!” नेरेइदा कडाडली.

“मला मेलीला काय ठाऊक? मी मातेला साकडं घालत होते!”

“रडू नकोस आता. मूळ फोटो आहे माझ्या फोनमध्ये.”

नेरेइदाने फोन अधिकारीणबाईंपुढे आपटला. त्यांनी मला उघडून वाचलं. हीच नदी, याच आठवड्यातली तारीख, मोहर शाबूत. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. नदी ताबडतोब साफ करा, असा हुकूम निघाला. “थोडा गैरसमज झाला,” असं पुटपुटत साहेब गाडीत बसले. माफी नाही की काही नाही.

माणसांनो, चौकटी खुशाल लावा, पण मूळ फोटो जपून ठेवा. कार्मेनमातेवर माझा राग नाही. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नेरेइदाला मेलेल्या माशांचासुद्धा दाखला द्यावा लागला. साहेब ‘काही झालंच नाही’ म्हणाले, तेव्हा त्यांच्याकडे कोणी मागितला होता दाखला?