नौदलातल्या माणसाला बोट लागते

शैलेश बोटीच्या काठावरून वाकून तिसऱ्यांदा ओकला, तेव्हा अण्णांनी इंजिन बंद केलं आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

“सकाळी काय खाल्लंस रे?”

“खाण्याचं नाय, अण्णा. बोट लागली.”

अण्णांना हसू आवरेना. वीस वर्षं नौदलात काढलेल्या माणसाला बोट लागते, हे दातिवरे गावात कुणाला सांगून पटलं असतं? शैलेश मात्र हसला नाही.

बेत केव्हाचा ठरला होता. मे महिन्यात शैलेश निवृत्त होणार आणि पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की अण्णांची बोट तो चालवणार. शेजारच्या प्रदीपने ही बोट दोनदा मागितली होती. दोन्ही वेळा अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. बोट मुलासाठी राखली होती. लहानपणी शैलेशला त्यांनी बोटीवर चढू दिलं नव्हतं, शाळा कायमची सुटेल म्हणून. आता निवृत्तीआधीच्या या शेवटच्या रजेत त्याला सगळं शिकवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

“भरतीचं पाणी फिरायच्या आत जाळं ओढायला पायजे,” अण्णा म्हणाले. “किती वेळ हाय, सांग बघू.”

शैलेशने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

“अरे, पाण्याकडं बघ! येवढी वर्षं दर्यावर होतास ना?”

शैलेशने खाऱ्या पाण्याने तोंड धुतलं आणि तो फळीवर बसला.

“दर्यावर नव्हतो, अण्णा. जहाजाच्या तळात होतो, इंजिनांजवळ. तिथं खिडकी नाय. बाहेर दिवस हाय का रात, ते घड्याळ बघून कळायचं. पंधरा-पंधरा दिवस पाणी दिसायचं नाय.”

“मग कधी बोलला का नायस?”

“तू गावभर सांगायचास, माझा पोरगा दर्यावर हाय. मग मला खरं बोलवंना.”

अण्णा जाळ्याचा दोर चाचपू लागले.

“माझ्याच्यानं नाय व्हायचं हे,” शैलेश म्हणाला. “बोट प्रदीपला दे. बोईसरला एका कारखान्यात बॉयलरवर माणूस पायजे. तिथंच जवळ सरावलीत खोली घेईन.”

“तिथं तरी खिडकी हाय का?”

“विचारलं नाय.”

अण्णांना भयंकर राग आला. तो कुणावर काढावा हेच त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो जाळ्यावर काढला. शैलेश मदतीला उठला, तर त्याला हाताने खाली बसवलं. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी एकट्याने सगळं जाळं वर ओढलं आणि बोंबील बोटीत ओतले. धाप लागली ती बघणाऱ्या शैलेशलाच. मग अण्णांनी बोट किनाऱ्याकडे वळवली.

किनाऱ्यावर प्रदीप जाळं विणत बसला होता. शैलेशचा उतरलेला चेहरा बघून त्याला चेव आला.

“काय कॅप्टन, कसा वाटला आपला दर्या?”

शैलेश खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच अण्णा मध्ये पडले.

“त्याला काय धाड भरलीय! मीच थकलो. जाळं पण त्यानंच ओढलं आज. माझा गुडघा कामातनं गेला, प्रदीप. तुला बोट पायजे होती ना? घेऊन टाक.”

“आणि शैलेश?”

“शैलेश काय म्हाताऱ्याला सोडून दर्यावर जाईल? नको म्हणतोय तो.”

प्रदीपचा हात जाळ्यावरच थांबला. बापाला खोटं पाडावं की नाही, हे शैलेशला ठरवता येईना.

अण्णा बोटीतून उतरले. वाळूत पाय टेकताच त्यांनी “आई गं” म्हणून मुलाचा खांदा धरला आणि डावा पाय ओढत चालू लागले. शैलेशही पाऊल आखडतं घेऊन त्यांच्याबरोबर चालला. सुरूच्या झाडांमागे वळल्यावर प्रदीप दिसेनासा झाला, तसे अण्णांचे दोन्ही पाय नीट पडू लागले. खांद्यावरचा हात मात्र त्यांनी घरापर्यंत काढला नाही.