गाडीतला वास

गजेंद्र मेकॅनिकने गॅस मोजायच्या मीटरची निळी नळी गाडीच्या एसीच्या पाइपावर घट्ट बसवली आणि काट्याकडे पाहिले. गाडी बंद होती. काटा शून्यावरच असेल असे त्याला वाटले होते, पण तो वर चढून मध्येच थांबला. म्हणजे गॅस कमी झाला होता, संपला नव्हता.

"कवापासून थंड करत नाई, मॅडम?"

"आठ दिवस झाले. हळूहळू कमी होत गेलं," दीपमाला म्हणाली. "आज तं दर्यापूरहून निघाल्यापासून नुसती गरम हवा. बाबाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, धूळ नको म्हणून काचा लावूनच आणलं त्याईले."

दीपमाला दर्यापूरच्या एका शाळेत शिकवत होती. ही चौदा वर्षांची पांढरी गाडी तिने कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. मागच्या सीटवर तिचे वडील शेषराव काळा चष्मा लावून बसले होते. टपाल खात्यातून निवृत्त झाले तेव्हाच त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, आता तर कानाशी ओरडावे लागे. गाडी कडुलिंबाच्या सावलीत उभी होती आणि बाहेर मे महिन्याचे ऊन होते, म्हणून ते खाली उतरले नव्हते.

"डोकं लय दुखून राहिलं," दीपमाला कपाळ दाबत म्हणाली. "पाणी हाये का?"

"आत माठ हाये. घ्या ना."

ती गॅरेजच्या पत्र्याखाली गेली. गजेंद्रने साबणाचे पाणी ब्रशने एकेका जोडावर लावले. कुठेच फुगा आला नाही. मग त्याने सवयीने नळीचे टोक जरासे सैल केले आणि सुटलेल्या हवेपुढे नाक नेले.

त्याने पुन्हा एकदा हुंगून पाहिले.

एसीच्या गॅसला असा वास नसतो. हा वास त्याच्या घरातला होता. सिलिंडर बदलताना रेग्युलेटर नीट बसला नाही की बायको ओरडते, तो. कोणीतरी या गाडीत स्वयंपाकाचा गॅस भरला होता. आणि बाहेरच्या एकाही जोडाला गळती नव्हती. मग राहिली एकच जागा, डॅशबोर्डच्या मागची कूलिंग कॉइल. म्हणजे आठ दिवसांपासून गॅस गाडीच्या आतच सुटत होता.

तो बॉनेटला वळसा घालून बाजूला आला. शेषरावांनी ओठात विडी धरली होती. मांडीवर आगपेटी होती आणि ते एक काडी निवडत होते.

"बाबाजी!"

त्यांनी मान वर केली नाही. गजेंद्रचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच थांबला. दार उघडले की छतातला दिवा लागतो. जुनी गाडी, जुनी वायर. बारीकशी ठिणगीसुद्धा पुरे. त्याने हात मागे घेतला.

त्याने बोटाच्या पेराने काचेवर हळूच टकटक केली. शेषरावांनी पाहिले. गजेंद्र हसला. कसे हसला ते त्याचे त्यालाच कळले नाही. दोन बोटे ओठांशी नेऊन त्याने विडी मागितली आणि हात गोल फिरवून काच खाली करायची खूण केली.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सोबत मिळाल्याचा आनंद दिसला. काडी पेटीवर टेकवून ठेवत त्यांनी दुसऱ्या हाताने हँडल फिरवायला सुरुवात केली. काच अडखळत, कुरकुरत खाली येत होती. चार बोटे जागा झाली तसा आतला वास गजेंद्रच्या तोंडावर आला. तो हसतच राहिला. हात आत जाईल एवढी फट होताच त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि आगपेटी उचलून घेतली.

"अरे, काहून?" शेषराव म्हणाले.

गजेंद्रने आगपेटी मागच्या नालीत फेकली. मग काच पूर्ण खाली घ्यायला लावली, बाहेरून त्यांच्या काखेत हात घातले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आलेल्या दीपमालाला लांबूनच ओरडून सांगितले, "मॅडम, मोबाइल तिकडंच राहू द्या! इकडं येऊ नका!"

बहात्तर वर्षांच्या त्या माणसाला त्याने खिडकीतून बाहेर ओढून काढले.

गाडी उघड्या मैदानात ढकलत नेली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तासाभराने त्याने चारही दारे उघडली. दीपमाला बाजेवर वडिलांचा हात धरून बसली होती. तिला सगळे सांगून झाले होते.

"वास येत होता मले," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "वाटलं, जुन्या गाडीचा असंल. शाळेतल्या दोन पोरी रोज माझ्याच गाडीत येत होत्या, परीक्षा संपेपर्यंत."

"कोण भरून देला होता गॅस?"

"दर्यापूरलेच. बसस्टँडच्या मागं एक जण बसते. जीवन नाव हाये त्याचं."

गजेंद्रने हातातला पाना खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळा गॅस मोकळ्यावर सोडला, डॅशबोर्ड खोलला, काळी पडलेली कॉइल काढून नवी बसवली, पाइप धुऊन हवा ओढून काढली आणि खरा गॅस भरला. गाडी सुरू करताना बापलेकीला त्याने रस्त्यापलीकडे उभे केले. थंड हवा आली. मग तो गॅरेजच्या मागे गेला आणि फोन लावला.

"जीवन, तू गाड्याईत कोणता गॅस भरून राहिला?"

"भाऊ, तूच तं दाखवलं होतं," धाकटा भाऊ म्हणाला. "लॉकडाउनमधी, माल भेटत नव्हता तवा."

"ते दोन गाड्याईत. अडचण होती म्हणून."

"मले काय माहीत, दोनच म्हणून."

"किती झाल्या?"

"मोजल्या नाई. या उन्हाळ्यात आठ-दहा असतीन. एक व्हॅन हाये. उद्या सकाळी लग्नाले चालली, लेकरंबाळं घेऊन."

गजेंद्र परत आला तेव्हा दीपमाला वडिलांना गाडीत बसवत होती. शेषरावांनी आधी सीटवर हात फिरवून पाहिला, मग बसले.

"मॅडम, मी पण येतो दर्यापूरले. जीवन माझा भाऊ हाये. गाड्या शोधा लागतीन." त्याने खाली पाहिले. "मीच शिकवलं त्याले."

दीपमालाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. त्याला वाटले, आता ही आपल्याला न घेताच निघून जाईल. तिने पुढच्या सीटवरची पिशवी उचलून मागे ठेवली.

वाटेतले वलगाव मागे पडले. मग रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारले,

"तुमी स्वतः भरल्या, त्या दोन गाड्या?"

"एक भंगारात गेली. मी डोळ्यानं पाह्यली."

"आन् दुसरी?"

"कुठं हाये माहीत नाई, रंग तेवढा याद हाये," गजेंद्र म्हणाला. उतरत्या उन्हात समोरून एकामागून एक गाड्या येत होत्या. सगळ्यांच्या काचा बंद होत्या, आणि तो प्रत्येकीचा रंग पाहत होता.