झेंडूचा हार

गेल्या दसऱ्याला ऑफिसच्या सर्व्हरची पूजा साहेबांनी भाग्यश्रीकडून करून घेतली. काल आलेली पोरगी! यंदा ताट मीच ओढून घेतलं. सर्व्हर बंद करून चारही डिस्कांना वेढा घालत तिच्या हारापेक्षा जाड हार घातला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर सुरूच होईना. चार डिस्क मिळून एकच साठा, आणि स्क्रीनवर तीनच दिसत होत्या. ज्यांचे हिशोब या सर्व्हरवर होते, त्या लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. मी कमांडवर कमांड मारत बसलो. साहेब म्हणाले, "भाग्यश्रीला बोलवा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं हार उचलला, त्याच्या ओढीनं निसटलेली वायर बसवली. सर्व्हर सुरू!

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"वायर सैल होती, सर." माझा हार तिनं गुपचूप पाठीमागे धरला होता.

एवढं चांगलं वागायची काय गरज होती हिला?